सोयाबीनच्या जिल्ह्यातलं चायनीज

वर्ध्यात दिवेलागणीनंतर चायनीजची गाडी शोधावी लागत नाही. बजाज चौकातून कुठल्याही रस्त्याला लागा, आर्वी नाक्याकडे वळा, नाहीतर सावंगीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाजूला जा. लाल-पिवळ्या फ्लेक्सवरचा ड्रॅगन दिसतोच. ड्रॅगनच्या डोक्यावर बहुतेक वेळा एखाद्या देवाचं नाव असतं आणि शेपटीपाशी मोबाइल नंबर. खाली भट्टीचा घरघराट, कढईवर आपटणारी पळी, आणि लसूण-मिरचीचा असा ठसका की समोरून जाणारा दुचाकीवाला शिंकतोच.

यंदाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी विषय दिला तो 'शंभर रुपयांच्या आत पोटभर'. वर्धा जिल्हा म्हटल्यावर आधी तर्री-पोहे आठवले, मग सांबारवडी, मग गोरस भांडारातला गोरसपाक. पण पोहे सकाळचे, सांबारवडी हिवाळ्यातली, आणि गोरसपाक पाहुण्यांसोबत गावी पाठवायचा. संध्याकाळी सात ते दहा या वेळात वर्ध्यातला कॉलेजचा पोरगा, मेडिकलवर काम करणारा मुलगा, शिकवणीहून परतणाऱ्या मैत्रिणी आणि रविवारी स्वयंपाकाला सुट्टी देणारं कुटुंब काय खातं, हे पाहायचं तर या गाड्यांवरच उभं राहावं लागतं. मी तेच केलं. भट्टीच्या पलीकडून दिसतं ते काम, आणि थाळीत कुठून काय येतं याचा माग, असं दोन्ही या लेखात आहे.

दुपारची तयारी

गाडीवरचा भात पाच मिनिटांत मिळतो. ती पाच मिनिटं दुपारी दोनलाच सुरू झालेली असतात.

दुपारी घरी किंवा गाडीमागच्या खोलीत तांदूळ शिजतो. तो पूर्ण शिजवायचा नाही, किंचित कच्चा ठेवायचा आणि ओतून पसरून गार करायचा. गरम भात कढईत टाकला की त्याचा गोळा होतो. गार झालेल्या भातातला स्टार्च घट्ट होतो, म्हणून दाणा सुटा राहतो आणि मोठ्या आचेवर परततानाही मोडत नाही. नूडल्स उकडून, गार पाण्याखाली धरून, तेलाचा हात लावून टोपलीत ठेवतात. पत्ताकोबी, गाजर, सिमला मिरची आणि कांद्याची पात हे सगळं चिरून वेगवेगळ्या डब्यांत जातं. कोबी सगळ्यात जास्त, कारण तो स्वस्त असतो, परतला तरी कुरकुरीत राहतो आणि थाळी भरल्यासारखी दाखवतो.

मंच्युरिअनच्या बॉलचं काम सगळ्यात वेळखाऊ. किसलेल्या कोबी-गाजराला मीठ लावून पाणी पिळून काढायचं. ते नीट पिळलं नाही तर बॉल तेलात फुटतो. मग मैदा आणि कॉर्नफ्लोअर घालून गोळे वळायचे आणि मध्यम तेलात एकदा तळून ठेवायचे. संध्याकाळी गिऱ्हाईक आलं की तेच गोळे कडक तेलात दुसऱ्यांदा तळतात. पहिल्या तळणीत आतला भाग शिजतो, दुसरीत वरचं कवच कडक होतं. ग्रेव्हीत पडूनही बॉल लगेच मऊ पडत नाही तो यामुळेच.

आर्वी नाक्याच्या बाजूला एका गाडीवर मी काउंटरपाशीच उभा होतो. कारागीर विशीतला, हातावर तेलाचे जुने चटके. कढई धुरावली की एक पळी तेल, मग लसूण-आलं, मग कोबी. कोबीचा रंग बदलायच्या आत भात. पळीचं टोक एकामागून एक डब्यांत बुडत होतं: मीठ, मिरपूड, पांढरी पावडर, काळा सॉस, व्हिनेगर. मोजायचा चमचा कुठेच नव्हता. पळीचं टोक हेच त्याचं माप. डाव्या हातानं कढईला झटका, भात हवेत, पुन्हा झटका. भाताचा जो दाणा भांड्याच्या कडेला घासून जातो त्यालाच तो जळका, खमंग वास लागतो. घरच्या गॅसवर हा वास येत नाही. घरचा बर्नर तेवढी आच देतच नाही आणि आपण भातही जास्त टाकतो.

"हाफ का फुल, भाऊ?"

"हाफ."

"तिखट टाकू का जी?"

हाफ प्लेटमध्ये एका माणसाचं जेवण होतं आणि शंभराची नोट मोडली तर काही परत येतं. फुलमध्ये दोघं भागवतात. सोबत पातळ चिरलेला कोबी, लाल शेजवान चटणी आणि व्हिनेगरमधली मिरची, ती पाहिजे तेवढी. उभं राहून खायचं नसेल तर पार्सल: चांदीच्या कागदाची पेटी, चटणीची रबर लावलेली छोटी पिशवी. रात्री आठनंतर उभ्यानं खाणाऱ्यांपेक्षा पार्सलवाले जास्त दिसतात.

कलकत्त्याहून, क्रिकेट क्लबमार्गे

या थाळीचा प्रवास चीनमधून सुरू झाला खरा, पण आजची तिची चव कलकत्ता आणि मुंबईत ठरली. अठराव्या शतकाच्या अखेरीस तोंग अछ्यू नावाचा चिनी माणूस कलकत्त्याजवळ हुगळीकाठी आला आणि त्यानं साखरेचा कारखाना काढला. त्या गावाला आजही अछीपूर म्हणतात. पुढे हाक्का चिनी आले. त्यांनी टांग्रा भागात चामडं कमावण्याचे कारखाने टाकले आणि त्यांच्याच घरांमधून बंगाली गिऱ्हाइकांसाठी तिखट, मसालेदार चिनी जेवण निघालं. आपल्या गाडीवरच्या 'हाक्का नूडल्स'चं मूळ तिथलं.

मंच्युरिअन मात्र महाराष्ट्रातलं. कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वांग मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाकी होते. १९७५ मध्ये कुणीतरी मेनूबाहेरचं काही मागितलं, तेव्हा त्यांनी भारतीय रश्श्याची सुरुवात धरली, लसूण, आलं, हिरवी मिरची. पण गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअर लावून तळलेलं चिकन त्यात सोडलं. तोच चिकन मंच्युरिअन. चिकनच्या जागी फुलकोबी आणि कोबीचे गोळे आले तेव्हा हा पदार्थ शाकाहारी घरांत शिरला. वर्ध्यात मांसाहारी आणि शाकाहारी एकाच गाडीवर शेजारी उभे राहतात ते या गोळ्यांमुळे.

या प्रवासात एक कडवट थांबाही आहे. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार भारतीयांना घरांतून उचलून देवळीच्या छावणीत ठेवलं गेलं. ही देवळी राजस्थानातली, आपल्या वर्धा जिल्ह्यातली नव्हे. अनेक कुटुंबं त्यानंतर देश सोडून गेली. ज्यांच्या हातून ही चव आली त्यांची संख्या घटत गेली आणि त्यांची थाळी मात्र तालुक्याच्या गावापर्यंत पोचली.

वर्धा-नागपूरचा चीनशी संबंध स्वयंपाकाच्या आधीचा आहे. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, तसे नागपूरचे डॉ. चोळकरही होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये च्यांग कै-शेक भारतात आले तेव्हा गांधीजींना भेटायला त्यांना वर्ध्याला यायचं होतं. इंग्रज सरकारला ते रुचलं नाही, आणि भेट कलकत्त्यात झाली. त्याच वर्षी जूनमध्ये गांधीजींनी सेवाग्रामहून त्यांना लांबलचक पत्र लिहिलं. आज वर्ध्यातल्या हिंदी विश्वविद्यालयात चिनी भाषा शिकवली जाते. तिथल्या विद्यार्थ्याला बजाज चौकातला मेनू वाचून कोणत्या प्रांतातलं जेवण आहे हे सांगता येणार नाही, कारण हा प्रांत चीनच्या नकाशात नाही.

वाफेवरचा पाहुणा

चीनच्या दक्षिणेला, कँटन आणि हाँगकाँगच्या बाजूला, स्वस्त खाण्याची दोन दुकानं असतात आणि पुष्कळदा ती एकाच छपराखाली येतात. एका बाजूला बांबूच्या टोपल्यांमधून वाफेवर शिजणारे डिमसम: कोळंबीचे पारदर्शक पापुद्र्याचे, डुकराच्या खिम्याचे, गोडसर मांस भरलेले पांढरेशुभ्र पाव. दुसऱ्या बाजूला काचेच्या पेटीत आकड्यांना टांगलेली तांबूस बदकं आणि मध-सोया लावून भाजलेल्या मांसाच्या पट्ट्या. गिऱ्हाईक बोट दाखवतं, आचारी सुरा आपटून तुकडे करतो, भातावर ठेवून डबा बंद करतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्येही मजूर आणि विद्यार्थी याच डब्यांवर दिवस काढत आले. सगळं आधी तयार, बसायला जागा नाही, म्हणून किंमत कमी. वर्ध्याची गाडी याच हिशेबावर चालते.

वर्ध्यात डिमसमची जागा मोमोजनं घेतली आहे. मोमो तिबेट-नेपाळचा. तिबेटी माणूस विदर्भाला अनोळखी नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे आणि हिवाळ्यात स्वेटर विकणारे तिबेटी विक्रेते आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पण मोमो त्यांच्या गाठोड्यातून आला नाही. तो दिल्लीच्या रस्त्यांवरून, बाहेरगावी शिकायला गेलेल्या मुलांच्या जिभेवरून आला. सावंगी आणि सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या वसतिगृहांत देशभरातली मुलं राहतात, आणि मोमोचे स्टीमर त्या रस्त्यांवर लवकर दिसतात.

अ‍ॅल्युमिनियमचा तीन मजली स्टीमर, खाली उकळतं पाणी, चाळण्यांना तेलाचा हात. मैद्याची पारी कडेला पातळ आणि मध्ये जाड लाटली तरच तळ फुटत नाही. चुण्या घालून तोंड मिटवायचं. उकडीचे मोदक करणाऱ्या घरातल्या बाईला ही कळ शिकवावी लागत नाही. आत कोबी-कांदा, पनीर किंवा चिकनचा खिमा. मैद्याला स्वतःची चव फार नसते, म्हणून सोबतची लाल मिरची-लसणाची चटणी झणझणीत लागते. वऱ्हाडी जिभेला नुसतं वाफवलेलं पुरत नाही, त्यामुळे वाफवलेल्याच्या बरोबरीनं तळलेले आणि मसाला चोपडून भाजलेले तंदुरी मोमोही खपतात.

आकड्याला बदक नाही, बशीत लॉलीपॉप

टांगलेलं बदक वर्ध्यात कुठेही नाही. भाजलेल्या मांसाची हौस इथे चिकन लॉलीपॉप भागवतो. कोंबडीच्या पंखाला मांस थोडं आणि हाड जास्त. रश्श्यात तो कुणाला नको असतो, म्हणून स्वस्त. कारागीर पंखाच्या सांध्यापाशी सुरीनं गोल चीर देतो, मांस हाडावरून खाली ओढत नेतो आणि टोकाला उलटवून गोळा करतो. हाड दांडीसारखं मोकळं राहतं. मग आलं-लसूण, सॉस, कॉर्नफ्लोअर आणि रंग लावून तळण. जो भाग टाकाऊ ठरायचा तोच मेनूत सगळ्यात मिरवणारा झाला.

बाटलीवाचूनची गाडी

नागपुरात किंवा पुण्यात चायनीजचा मोठा धंदा बारच्या आधारानं चालतो. बाटलीसोबत काहीतरी चटपटीत लागतं, आणि क्रिस्पी किंवा लॉलीपॉप त्यासाठी सोयीचे. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. गांधी-विनोबांची भूमी म्हणून ती आली आणि टिकली. बंदी असली म्हणून दारू नाही असं नव्हे. चोरटी दारू आणि तिच्यावरच्या धाडी हा स्थानिक वर्तमानपत्रांचा रोजचा मजकूर आहे. पण उघडा बार नाही, त्यामुळे गाडी बारच्या दाराशी उभी राहत नाही. ती कॉलेजच्या, बसस्थानकाच्या, शिकवणी वर्गांच्या रस्त्यावर उभी राहते.

याचा परिणाम गिऱ्हाइकांत दिसतो. मी पाहिलेल्या गाड्यांवर रात्री नऊला बायका आणि मुली निर्धास्त उभ्या होत्या. एका बाकावर आजी, सून आणि दोन नातवंडं ट्रिपल शेजवानची एक फुल प्लेट चौघांत संपवत होती. आजी नूडल्स बाजूला सारून तळलेल्या कुरकुरीत शेवया तेवढ्या वेचत होत्या. वर्ध्यात कमी पैशात मुलीनं मैत्रिणींसोबत संध्याकाळी बाहेर बसून खावं अशा जागा मोजक्या. चहाटपरी पुरुषांची, हॉटेल महागडं. ही मधली जागा गाडीनं भरून काढली.

मगनवाडीतलं सोयाबीन

थाळीतला काळा सॉस सोयाबीनचा. आणि सोयाबीन माणसानं कसं खावं याचा प्रयोग या देशात ज्या मोजक्या ठिकाणी आधी झाला, त्यातलं एक वर्धाच.

१९३५ मध्ये गांधीजी वर्ध्यात मगनवाडीत राहत होते. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ नुकताच सुरू झाला होता, जे. सी. कुमारप्पा त्याचं काम पाहत होते, आणि गरिबाच्या ताटात कमी खर्चात पौष्टिक काय पडेल हा तिथला रोजचा प्रश्न होता. मगनवाडीच्या स्वयंपाकघरात सोयाबीन शिजवून पाहिलं गेलं. त्याच वर्षी 'हरिजन'मध्ये गांधीजींनी त्यावर लिहिलं, आणि बडोदा संस्थानानं एक पैशाला काढलेल्या सोयाबीनवरच्या गुजराती पत्रकाचा सारांश वाचकांना दिला. शंभर रुपयांच्या आत पोटभर हा आमच्या संपादकांचा विषय तेव्हा वेगळ्या नाण्यांत मगनवाडीत मांडला गेला होता.

गांधीजींच्या ताटातून सोयाबीन पुढे फारसं कुणाच्या ताटात गेलं नाही. ते शेतात आलं. आज वर्धा जिल्ह्यात कापूस आणि तुरीबरोबर तेच मुख्य खरीप पीक आहे. दिवाळी अंक वाचकाच्या हाती पडतो त्याच दिवसांत ते कापून, मळून हिंगणघाट, आर्वी, पुलगावच्या बाजारात जातं. २०२५-२६ साठी केंद्रानं क्विंटलला ५,३२८ रुपये हमीभाव ठरवला. बाजारात दर त्याखाली गेला की शेतकऱ्याची दिवाळी तिथेच आटोपते.

मग गाडीवर परत येऊ. कढईत पडतं ते बहुतेक वेळा सोयाबीन तेल. लॉलीपॉपची कोंबडी ज्या खाद्यावर वाढते, त्यात तेल काढून उरलेली सोयाबीनची पेंड असते. आणि बाटलीतला सॉस. एकाच थाळीत सोयाबीन तीन वाटांनी येतं आणि तिन्ही वाटा जिल्ह्याबाहेरच्या कारखान्यांतून जातात. चांगला सोया सॉस करायला सोयाबीन, गहू, मीठ, पाणी आणि एक बुरशी लागते. मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने आंबवून तो मुरतो. गाडीवर येणाऱ्या स्वस्त बाटलीत कॅरॅमलच्या रंगाचा वाटा मोठा. ज्या जिल्ह्यात सोयाबीनचे ढीग लागतात आणि ग्रामोद्योगाची परंपरा आहे, तिथे आंबवून मुरवलेला सॉस का बनू नये, हा प्रश्न कुमारप्पांना नक्की आवडला असता.

पांढरी पावडर, लाल रंग

गाडीवरच्या खाण्याची भीती दाखवताना पहिलं बोट अजिनोमोटोकडे जातं. १९०८ मध्ये टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या सूपची चव कशात आहे ते शोधलं आणि ती पावडर निघाली. तोच घटक पिकलेल्या टोमॅटोत असतो. १९६८ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या छोट्या पत्रावरून तिची बदनामी सुरू झाली. नंतरच्या चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणातली पावडर घातक असल्याचं सिद्ध झालं नाही.

काळजी करायची ती लाल रंगाची. कर्नाटक सरकारनं मार्च २०२४ मध्ये गोबी मंच्युरिअनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली. तपासलेल्या १७१ नमुन्यांपैकी १०७ मध्ये असुरक्षित रंग सापडले होते. गोव्यात म्हापसा नगरपालिकेनं त्याच वर्षाच्या सुरुवातीला गोबी मंच्युरिअनच्या स्टॉलवरच बंदी आणली. म्हापशाचा उपाय मला पटत नाही. पदार्थ हटवला तर गाडी दुसऱ्या चौकात जाते, रंग तोच राहतो.

दुसरी काळजी तेलाची आणि तिसरी पाण्याची. तळणाचं तेल काळं पडेपर्यंत तापत राहतं. आणि गाडीला नळ नाही. दोन-तीन कॅन पाण्यात संध्याकाळभराच्या बशा, हात आणि कढई धुवायची असतात. एका गाडीवाल्यानं मला उलट विचारलं, "नळ द्या नं आधी, मग स्वच्छतेचं बोला." त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं, कारण त्याचं म्हणणं कायद्यातही बसतं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायला हवं, विक्रीचं प्रमाणपत्र मिळायला हवं, आणि शहर फेरीवाला समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचे हवेत. अन्नसुरक्षेची नोंदणीही छोट्या विक्रेत्याला वर्षाला शंभर रुपयांत मिळते, म्हणजे एका प्लेटच्या आसपास. कागद स्वस्त आहे. उभं राहायला हक्काची जागा आणि पाणी मिळणं अवघड.

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी या नगरपरिषदांनी प्रत्येक गावात एक रस्ता निवडावा. तिथे नळ, सांडपाण्याची नाली, दिवे आणि वापरलेलं तेल जमा करायची सोय द्यावी आणि गाड्यांना तिथे रीतसर उभं करावं. अतिक्रमण हटाव पथकावर होणाऱ्या खर्चापेक्षा हे महाग पडणार नाही. आणि आपण खाणाऱ्यांनी एवढंच करावं: पैसे देण्याआधी तेलाच्या कढईत एकदा डोकावून पाहावं आणि "रंग टाकू नका" म्हणून सांगावं. मी प्रत्येक गाडीवर सांगितलं. कुणी नाही म्हटलं नाही, आणि चवीत काही फरक पडला नाही.